शिरोळ : नदीकाठच्या तीन गावांतले नगरजीवन

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेला शिरोळ तालुका उसासाठी, दत्तस्थानासाठी आणि अलीकडे महापुरासाठी ओळखला जातो. मात्र मोठ्या शहरातील गर्दीला कंटाळून लहान, जुन्या, बाजारपेठेच्या गावी स्थायिक व्हावे, असे ज्यांच्या मनात येते, त्यांच्यासाठी या तालुक्याची आणखी एक ओळख महत्त्वाची आहे. येथे काही किलोमीटरच्या अंतरात शिरोळ, कुरुंदवाड आणि जयसिंगपूर अशी तीन नगरे आहेत. तिघांचा जन्म वेगळ्या कारणाने झाला आणि तिघांचा स्वभावही वेगळा राहिला.

तीन नगरे, तीन इतिहास

शिरोळ हे तालुक्याचे ठिकाण. गुरुचरित्राच्या परंपरेतील भोजनपात्र मंदिर येथे असल्याने नृसिंहवाडीला जाणारे अनेक भाविक शिरोळलाही थांबतात. कचेरी आणि शेतीची कामे यांभोवती वाढलेल्या या गावात नगरपरिषद आली ती २०१८ मध्ये. त्यामुळे तोंडवळा शहराचा आणि वागणे गावाचे, असे मिश्रण येथे आजही दिसते.

कुरुंदवाड ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी. १८५४ मध्ये संस्थानाच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजधानी गेली, तरी नदीवरील घाट आणि घाटावरची सरसेनापती संताजी घोरपडे यांची समाधी म्हणून ओळखली जाणारी वास्तू राहिली. या नगराचे आणखी एक वैशिष्ट्य आवर्जून सांगण्याजोगे आहे. कुडेखान बडेनाल, ढेपणपूर, बैरागदार, शेळके आणि कारखाना या पाच मशिदींत गणपती बसविला जातो. मोहरम आणि गणेशोत्सव एकाच काळात आले, की पंजे आणि गणराय एकाच छताखाली विराजमान होतात. लहान गावातील शेजारधर्म म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

जयसिंगपूर मात्र ठरवून वसविलेली पेठ आहे. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी या मार्गालगत व्यापारासाठी नवे नगर वसविले आणि त्याला आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ही त्या आखणीची खूण आहे. ऊसदरासाठी शेतकऱ्यांची ऊस परिषद येथेच भरते.

रोजचे जगणे

अशा ठिकाणी राहण्याचा खरा लाभ अंतरात आहे. उपचारांसाठी मिरज, हळदीच्या व्यापारासाठी सांगली आणि यंत्रमागावरील रोजगारासाठी इचलकरंजी ही शहरे जवळच आहेत. कृष्णाकाठची वांगी, वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी यांची चव घेण्यासाठी बाहेरगावचे लोक येतात. येथील रहिवाशाला ती दाराशी मिळते.

परंतु या सुबत्तेची किंमतही मोजावी लागली आहे. उसाला पाण्याचा अतिवापर झाल्याने काळी जमीन क्षारपड झाली. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा करण्याचा उपक्रम हाती घेतला आणि पडीक झालेली शेते पुन्हा पिकाखाली येऊ लागली.

पाण्याचा प्रश्न

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. नदीचे पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. त्या वेळी स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. तेच पाणी आणखी चढले, की सोहळ्याचे संकट होते. कृष्णेची पातळी वाढली की पंचगंगेच्या पाण्याला वाट मिळत नाही. फुगवटा मागे सरकतो आणि सपाट प्रदेशात पसरतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत तालुक्याने हे अनुभवले.

कर्नाटकातील अलमट्टी धरणाला किती दोष द्यावा, हा वाद मिटलेला नाही. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या धरणाला थेट जबाबदार धरले नाही. अनेक पूरग्रस्तांना हा निष्कर्ष पटलेला नाही. जलाशयाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा आग्रह असल्याने त्यांची चिंता वाढली आहे.

ही व्यथा एकट्या शिरोळची नाही. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात वाय आणि मनो या नद्यांच्या संगमावर मन्मथ नावाचे लहानसे ऐतिहासिक बाजारगाव आहे. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याचा जन्म तेथे झाला. मध्ययुगीन पुलावर उभा असलेला तेथील वेशीचा बुरूज प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २०२० च्या वादळात त्या गावालाही पुराने वेढले. ज्या नद्यांमुळे गावे वसली, त्याच त्यांच्या अस्तित्वाची परीक्षा पाहत आहेत.

स्थायिक होण्यापूर्वी

या भागात घर घेऊ इच्छिणाऱ्याने जुन्या वाड्याच्या देखणेपणाआधी पूररेषा पाहावी. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखविते, तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध असते. दोन्ही रेषांमधील बांधकामांवर निर्बंध असतात. नकाशा पाहून झाल्यावर शेजारच्या वृद्धांना २००५ आणि २०१९ मध्ये पाणी कोठवर आले होते, हे विचारावे. शक्य तर जागा पावसाळ्यात पाहावी. जनावरे, धान्य आणि कागदपत्रे कोठे हलवायची, याचा विचार येथील जुनी कुटुंबे पावसाळ्यापूर्वीच करून ठेवतात. नव्या रहिवाशानेही तो शिरस्ता पाळावा.

एवढी दक्षता घेतली, तर ही गावे माणसाला खूप काही देतात. दुकानदार नावाने ओळखतो, अडीअडचणीला आळी धावून येते आणि पूर ओसरला, की गाळ काढायला शेजारी खोरे घेऊन उभा राहतो. पुरानंतरही बहुतेक कुटुंबे आपल्या घरी का परततात, याचे उत्तर या शेजारात आहे.