पाहुणचार आणि हक्क

परक्या शहरीं पोहोंचलेल्या प्रवाशापुढें दोन प्रश्न उभे राहतात : रात्रीं उतरावें कोठें, आणि जेवावें कोठें? अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील ग्रीन्सबरो हें मध्यम आकाराचें शहर. या साध्या प्रश्नांचीं उत्तरें तेथें कशीं बदलत गेलीं, हें पाहिलें म्हणजे त्या देशाच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण उलगडतें.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचे कायदे व रूढी यांचा अंमल होता. गांठीं पैसा असूनही कृष्णवर्णीय प्रवाशाला गोऱ्यांच्या हॉटेलांत खोली मिळत नसे. ही अडचण ओळखून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत राहणारे पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनीं १९३६ सालीं ‘ग्रीन बुक’ नांवाची मार्गदर्शिका काढली. कोणत्या गांवीं कोणतें घर उतरावयास मिळेल, कोणत्या खाणावळींत अपमान न होतां जेवतां येईल, याची यादी तींत असे. ही मार्गदर्शिका छापण्याची गरजच एक दिवस उरणार नाहीं, अशी आशाहि तिच्या प्रस्तावनेंत व्यक्त झाली होती.

ग्रीन्सबरो येथें गिस्ट कुटुंबानें १९४९ सालीं ‘मॅग्नोलिया हाऊस’ हें अतिथिगृह सुरू केलें. त्याचें नांव पुढें या यादींत आलें. गायक रे चार्ल्स, बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन अशीं नामांकित माणसें तेथें उतरलीं. आपल्याच लोकांच्या पाहुणचारानें रात्रीची सोय झाली. परंतु भर बाजारांत इतरांच्या पंक्तीला बसण्याचा हक्क त्यानें मिळाला नाहीं.

तो हक्क मागितला चार विद्यार्थ्यांनीं. १ फेब्रुवारी १९६० रोजीं एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅक्नील व डेव्हिड रिचमंड हे वूलवर्थच्या दुकानांत गेले. तेथें किरकोळ वस्तु विकत घेऊन त्यांनीं पावत्या जपून ठेवल्या आणि त्याच दुकानाच्या उपाहारविभागांत बसून कॉफी मागितली. एका ठिकाणीं ज्यांचा पैसा चालतो, त्यांना दुसऱ्या ठिकाणीं नकार कां, हा त्यांचा सवाल होता. कॉफी मिळाली नाहीं. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशीं आणखी विद्यार्थी आले, आणि थोड्याच आठवड्यांत ही चळवळ अनेक शहरांत पसरली. विक्रीला फटका बसल्यावर २५ जुलै १९६० रोजीं दुकानानें माघार घेतली. त्या दिवशीं तेथें प्रथम जेवले ते दुकानाचेच कृष्णवर्णीय नोकर !

२ जुलै १९६४ रोजीं झालेल्या नागरी हक्कांच्या कायद्यानें हॉटेलें व उपाहारगृहें यांतील वर्णभेद देशभर बेकायदा ठरला. ‘ग्रीन बुक’ची अखेरची आवृत्ति १९६६-६७ ची. ग्रीन १९६० सालींच निवर्तले होते. आपली आशा फळास आलेली त्यांना पाहतां आली नाहीं.

वूलवर्थचें तें दुकान १९९३ सालीं बंद झालें आणि २०१० सालीं त्या इमारतींत नागरी हक्कांचें संग्रहालय उघडलें. तेथील उपाहाराच्या फळीवर आतां कोणालाच कांहीं वाढलें जात नाहीं. मात्र ती पाहून बाहेर पडलेल्या प्रवाशाला, त्याचा वर्ण कोणताहि असो, शहरांत कोठेंहि जेवावयास बसतां येतें.