पद्मिनी चालवायची? आधी तिचा इतिहास ऐका

मी मूळचा जऊळक्याचा, म्हणजे आपल्या वाशीम जिल्ह्यातला. शिक्षण बीटेक, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. आजचा भाग आहे रील्स बघून जुनी प्रीमिअर पद्मिनी घेतलेल्यांसाठी, किंवा घ्यायच्या बेतात असलेल्यांसाठी. तिचा इतिहास कळला की ती कशी चालवायची, हे निम्मं तिथंच कळतं.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. 1950च्या दशकात तिथं फियाट 1100 बनू लागली. ही गाडी इटलीत 1953 साली आलेली. गोलमटोल आकारामुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' करून टाकलं! मग 1964ला डिलाइट आली आणि 1974ला नाव पडलं पद्मिनी. नाव बदललं, चेहरा बदलला, पण 1089 सीसीचं इंजिन तेच राहिलं.

का बदललं नाही? कारण तो परवान्यांचा काळ होता. किती गाड्या बनवायच्या, बाहेरून काय आणायचं, सगळ्याला सरकारची परवानगी. गाडी बनवणारे मोजकेच आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारे गिऱ्हाईक भरपूर. नवं काही करायची कंपनीला घाईच नव्हती. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली तेव्हा फरक लोकांच्या डोळ्यात भरला. तरी पद्मिनी जवळपास 2000 सालापर्यंत बनत राहिली.

थोडक्यात, आरसी बुकावर 1990 लिहिलेलं असलं तरी तुम्ही 1950च्या दशकातली गाडी चालवताय. माझ्या भाषेत सांगायचं तर हा लेगसी कोड आहे. चालतो झकास, पण त्याच्या अटींवर.

पहिली अट ब्रेकची. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पॅडलला मदत करणारी यंत्रणा नाही, एबीएस तर नाहीच. पाय जोरात दाबावा लागतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. पुढचा आजच्या गाडीत बसलाय, तो जागच्या जागी थांबेल. तुम्ही नाही थांबणार. म्हणून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. पातूर ते मेडशीसारख्या वळणांच्या रस्त्यावर उतार लागला की आधीच खालचा गिअर टाका. सतत ब्रेक दाबून ठेवलात तर ड्रम तापतात आणि ऐन वेळी पकड सुटते.

दुसरी, गिअरची. बऱ्याच पद्मिनींना स्टेअरिंगजवळचा हँडल गिअर असतो. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका, कारण पहिल्याला सिंक्रोमेश नाही. घाई केली की कर्रर्र आवाज येतो आणि दाते झिजतात. आधी मोकळ्या मैदानात सराव करा, मग बाजाराच्या दिवशी गावात शिरा.

तिसरी, उन्हाची. विदर्भातला मे महिना तुम्हाला सांगायला नको. पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला, त्यामुळे कडक उन्हात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. घाबरू नका. कडेला घ्या, बॉनेट उघडा, थंड होऊ द्या, पंपावर ओलं फडकं ठेवा. पण रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल जास्त असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं. गाडी घेतल्याबरोबर त्या बदलून घ्या, कारण गळक्या नळीनं आग लागू शकते.

टायर नवाकोरा दिसला तरी तारीख बघा. बाजूला चार आकडे असतात. 1519 म्हणजे 2019चा पंधरावा आठवडा. आणि सीटबेल्ट नसेल तर चांगल्या गॅरेजमधून बसवून घ्या.

आता कागदपत्रं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे फिटनेस तपासणी करून 5-5 वर्षांनी नूतनीकरण. पैसे देण्याआधी हे तपासा. 2021च्या केंद्राच्या नियमानुसार 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोज चालवता येत नाही. भाजी आणायला गाडी हवी असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेलाय, मोह होणारच. पण जिथं बाकीचे 120ने जातात, तिथं साधारण चाळीस हॉर्सपॉवरची गाडी तुम्हालाही धोका आणि मागच्यालाही. जुना अकोला-वाशीम रस्ता धरा, 60च्या आसपास ठेवा.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003ला नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि 30 ऑक्टोबर 2023पासून त्या काळ्या-पिवळ्या रस्त्यावरून गेल्या. सुट्या भागांचा बाजार आणि मिस्त्रींचं पोट या टॅक्सींवर चालायचं. कार्बोरेटर कानानं ट्यून करणारे हात आता म्हातारे झालेत. त्यांच्या मुलांनी स्कॅनर घेतला, आणि त्यात चूक काहीच नाही. पण पद्मिनीला स्कॅनर लावायला जागाच नाही!

तेव्हा गाडी घ्यायच्या आधी मिस्त्री शोधा. त्यांच्या शेजारी बसा, पॉइंट कसा घासतात, ब्रेक कसे सेट करतात ते बघा, त्यांना विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा. गाडी पैसे टाकून मिळेल. ही विद्या मात्र मिस्त्री आहेत तोवरच मिळेल.

चला, भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!