डोळ्यांची साक्ष

पंचनाम्यात 'समक्ष पाहिले' हे शब्द आले की चौकशीचे निम्मे काम झाले, अशी आपली सर्वसाधारण धारणा असते. शासकीय सेवेत असे पुष्कळ पंचनामे माझ्या नजरेखालून गेले. न्यायदर्शनानेही चार प्रमाणांत पहिला मान प्रत्यक्षाला दिला आहे. परंतु प्रत्यक्ष पाहिलेले नेहमीच खरे असते काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील काही कलावंतांनी हाच प्रश्न रंग आणि छिन्नी बाजूला ठेवून, केवळ रिकामी खोली व प्रकाश यांच्या साहाय्याने विचारला. मांडणशिल्प या कलाप्रकाराच्या इतिहासातील हे प्रकरण म्हणूनच चित्रकलेत रस नसलेल्यांनीही जाणून घेण्याजोगे आहे.

जेम्स टरेल यांचा जन्म १९४३ साली लॉस एंजेलिस येथे झाला. १९६५ मध्ये त्यांनी मानसशास्त्राची पदवी घेतली आणि पुढील वर्षी जवळच्या सांता मोनिका गावातील एक बंद पडलेले हॉटेल भाड्याने घेऊन त्याच्या खिडक्या बुजवल्या. अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यात त्यांनी प्रखर प्रकाशाचा झोत टाकला. पाहणाऱ्याला तेथे अधांतरी तरंगणारा पांढरा घन दिसे. जवळ जावे तर दोन भिंतींवरील उजेडापलीकडे काहीच नसे. डोळ्याला मिळत होता तो फक्त प्रकाश. घन रचत होते ते मन.

१९६८-६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयाने कलावंत आणि शास्त्रज्ञ यांना एकत्र आणणारा उपक्रम हाती घेतला. त्यात टरेल, चित्रकार रॉबर्ट अर्विन (१९२८-२०२३) आणि अंतराळप्रवासाशी संबंधित संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड वॉर्ट्झ यांनी एकत्र प्रयोग केले. त्यांतील एक विषय होता 'गान्झफेल्ड', म्हणजे सर्वत्र एकसारखे दिसणारे क्षेत्र. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग मेट्झगर यांनी १९३०च्या दशकात त्याचा अभ्यास केला होता. आपली दृष्टी मुख्यत्वे बदल आणि भेद टिपते. एकाच ठिकाणी टक लावली तरी डोळा सूक्ष्म थरथरत असतो आणि वस्तूंच्या कडा दृष्टिपटलावर सरकत राहतात. त्यामुळेच चित्र टिकते. कडा, सावली, पोत यांपैकी काहीच नसेल, तर अंतराचा अंदाज जातो आणि काही वेळाने रंगही विटून करडा भासू लागतो.

या शोधांतून उभ्या राहिलेल्या कलाकृती १९८० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, तेव्हा भिंत समजून टेकू पाहणारे प्रेक्षक पडले. तेथे भिंत नव्हती, प्रकाश होता. प्रकरण थेट न्यायालयापर्यंत गेले.

याच्या नेमका उलट प्रकार २०१८ मध्ये पोर्तुगालमधील पोर्तो शहरात घडला. १९५४ साली मुंबईत जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले शिल्पकार अनिश कपूर यांची, १९९२ सालची एक कलाकृती तेथे मांडली होती. खोलीच्या जमिनीत सुमारे २.५ मीटर खोल खड्डा. पण आतून अशा गडद रंगद्रव्याने रंगवलेला, की तो जमिनीवर काढलेले काळे वर्तुळ वाटावे. सूचनाफलक होता, देखरेखीला माणूसही होता. तरीही एक प्रेक्षक आत पडलाच. सुदैवाने ते बरे झाले. एके ठिकाणी नसलेली भिंत दिसली, दुसऱ्या ठिकाणी असलेला खड्डा दिसला नाही.

या प्रेक्षकांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. 'येथे भिंत आहे' असे त्यांनी शपथेवर सांगितले असते. साक्षीदार प्रामाणिक असणे आणि साक्ष खरी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या रिकाम्या खोल्यांनी हाडे शेकवून शिकवले. एरवी आपण पहिलीवरून दुसरी गृहीत धरतो, आणि त्याची किंमत कधी कधी एखाद्या निरपराध माणसाला मोजावी लागते.

म्हणून प्रत्यक्षाचे मोल उणे होत नाही. गौतमांच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्षाच्या व्याख्येतच ते 'अव्यभिचारी' असावे, म्हणजे भ्रामक नसावे, अशी अट घातलेली आहे. ती अट पाळायची, तर काय पाहिले एवढेच विचारून भागत नाही. कोठून पाहिले, किती उजेडात पाहिले आणि किती वेळ पाहिले, हेही विचारावे लागते.