घरचे कार्य, गावचे देणे

महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या चरित्रांतून, संस्थानिकांच्या देणग्यांतून आणि सरकारी अनुदानांच्या आकड्यांतून लिहिला गेला. ज्या घरांतून या संस्थांना धान्य, शिजलेले अन्न आणि आण्या-पैशांतली वर्गणी मिळत राहिली, त्या घरांचा उल्लेख त्यात झालाच तर तो प्रस्तावनेतील आभारांपुरता होतो. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या पाऊणशे वर्षांत जी स्वयंसेवी कामे उभी राहिली, त्यांच्या कार्यकर्त्यांनी दात्यांपुढे अगदीच नवे कर्तव्य मांडले नव्हते. बारसे, मुंज, लग्न, भाऊबीज अशा घरच्या प्रसंगांना देण्याघेण्याची जी रीत पिढ्यानपिढ्या जडलेली होती, तीच त्यांनी घराच्या आणि जातीच्या उंबऱ्याबाहेर वळवली. हे वळण कोणत्या जागी सहज मिळाले आणि कोणत्या जागी अडले, यातच या इतिहासाचे मर्म आहे.

मुंज, म्हणजे उपनयन, हा संस्कार ब्राह्मण व अन्य काही मोजक्या जातींतील मुलांपुरता मर्यादित होता. तरीही देण्याची रीत कशी घडते हे पाहण्यासाठी तो उपयोगी आहे. मुंजीच्या दिवशी आई आणि मुलगा एका पानात जेवतात, त्याला मातृभोजन म्हणतात. आईच्या ताटात जेवण्याची ही शेवटची वेळ मानली जाते आणि तिच्यासाठी तरी विधीतील सर्वांत अवघड क्षण मंत्रोपदेशाचा नसून हाच असतो. पंक्तीला मुंज झालेले आठ मुलगे बसवतात, त्यांना अष्टवर्ग म्हणतात. पुढे भिक्षावळ निघते: कमरेला मेखला, हातात पळसाचा दंड आणि खांद्याला झोळी असा बटू उभा राहतो, पहिली भिक्षा आई घालते आणि मग आत्या, मावश्या, शेजारणी तांदूळ, लाडू व नाणी झोळीत टाकतात. शिकणाऱ्या मुलाला पोसणे हे केवळ त्याच्या आईबापांचे काम नाही, ते वाटेवरच्या प्रत्येक घराचे आहे, असे या विधीत गृहीत धरलेले दिसते. ज्या घरचा मुलगा एका संध्याकाळी हौसेने झोळी घेऊन उभा राहिला, त्याच घराच्या दाराशी एरवी रोज दुसऱ्या कोणाचा मुलगा खरोखरीच्या भुकेने उभा असे.

त्या दुसऱ्या मुलासाठी दोन व्यवस्था होत्या. माधुकरीत विद्यार्थी ठरावीक घरी फिरून शिजलेले अन्न झोळीत किंवा भांड्यात गोळा करी. वार लावून जेवण्यात आठवड्याचा एकेक दिवस एकेका घराने वाटून घेतलेला असे आणि सात घरे मिळाली की मुलाचा आठवडा भरे. कोकणातून आणि देशावरच्या लहान गावांतून पुण्यासारख्या शहरी शिकायला आलेल्या कित्येक गरीब ब्राह्मण मुलांचे शिक्षण या वारांवर झाले. आत्मचरित्रांतून या व्यवस्थेकडे कृतज्ञतेने पाहण्याची पद्धत पडली असली, तरी तिची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. मुलाचे जेवण यजमानाच्या घरच्या घडामोडींशी बांधलेले असे. घरात मृत्यू झाला की सुतक, मूल जन्मले की सोयर, आणि दोन्हींचे दहा दिवस त्या घरचे अन्न बाहेरच्याला चालत नसे. त्यामुळे एखाद्या घरी पाळणा हलला की तिथे वार असलेल्या मुलावर त्या दिवशी उपासाची पाळी येई आणि बारशानंतर त्याच्या पानात गोडधोड पडे. कोणत्या घरी ताक पातळ मिळते, कोणत्या घरी वाढताना कपाळाला आठी पडते, हे मुलांना ठाऊक असे. ज्या स्त्रियांच्या हाती घरची तिजोरी नव्हती पण चूल होती, त्यांनीच ही व्यवस्था चालवली. सामाजिक कार्य म्हणून तिची गणना मात्र कोणी केली नाही.

पुण्यात 1909 मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने अशा विखुरलेल्या मुलांना एका छपराखाली आणले आणि सुरुवातीच्या काळात तिथल्या मुलांनीही माधुकरी मागितली. व्यक्तीने व्यक्तीला द्यायचे दान संस्थेने मागायचे ठरले, हा बदल लहान नव्हता. तथापि जेवणाची पंगत जातीचीच राहिली. ब्राह्मणेतर मुलाला वार मिळणे दुरापास्त होते, अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलाच्या बाबतीत तो प्रश्नच उद्भवत नव्हता आणि मुलींचा विचार या सबंध व्यवस्थेत कोठेच नव्हता. उदारपणा होता, पण तो आपल्यातल्या मुलापुरता होता.

नेमका याच्या उलट टोकाचा विचार सत्यशोधक चळवळीने केला. महात्मा जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुण्यात पुरोहितावाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. वधुवरांनी एकमेकांना दिलेली वचने आणि अगदी बेताचा खर्च हे त्याचे स्वरूप होते. शेतकरी कुटुंब लग्नापायी सावकाराच्या वहीत अडकते हे फुले जाणत होते. म्हणून घरच्या कार्यातून समाजाला काय द्यावे यापेक्षा त्या कार्यातून घराला कर्जात ढकलणारे काय काढून टाकावे, हा प्रश्न त्यांनी आधी घेतला. हा नियम त्यांनी स्वतःच्या घरालाही लावला. एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेल्या आणि फुले दांपत्याने दत्तक घेतलेल्या यशवंताचा विवाह 4 फेब्रुवारी 1889 रोजी याच पद्धतीने झाला. यशवंत पुढे डॉक्टर झाला; 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी त्याच्या साहाय्याने पुण्याबाहेर रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच साथीत 10 मार्चला त्यांचा अंत झाला. आई आणि मुलगा एकाच सेवाकार्यात उभे असल्याचे आधुनिक महाराष्ट्रातले हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक म्हणावे लागेल.

विदर्भात डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, यांनी हाच मुद्दा बारशाच्या पंगतीत मांडला. मुलीच्या बारशाला जातभाईंना मांस आणि दारू घालण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडून साधे गोडाचे जेवण घातले. जातपंचायतीचा धाक ज्यांना माहीत आहे त्यांना या पंगतीचे धाडस वेगळे सांगायला नको. 1905 मध्ये त्यांनी घर सोडले. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून कर्ज काढून सण-समारंभ करू नका, मुलांना शाळेत घाला, असे सांगायचे, हा त्यांचा पुढच्या आयुष्याचा क्रम झाला.

वर्गणीचे तंत्र याच काळात बदलत होते. मोठ्या देणगीदाराची वाट पाहण्यापेक्षा पुष्कळांकडून अगदी थोडे घ्यावे, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाने रुजवली आणि त्यातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना उभा राहिला. पण खेड्यात पैसाही दुर्मीळ होता. तिथे धान्य होते. दळणापूर्वी किंवा स्वयंपाकाच्या वेळी घरच्या बाईने ज्वारी-बाजरीची एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकावी आणि ते धान्य कार्यकर्त्याने येऊन न्यावे, या पद्धतीला मुष्टिफंड म्हणत. माधुकरीपेक्षा यात दोन गोष्टी निराळ्या होत्या. अन्न शिजलेले नसल्यामुळे सोवळ्या-ओवळ्याचा आणि सुतकाचा अडसर उरला नाही. आणि मूठ घालणाऱ्या बाईला ते धान्य कोणत्या जातीच्या मुलाच्या पोटात जाणार हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कामात ही पद्धत खऱ्या अर्थाने कसाला लागली. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे 22 सप्टेंबर 1887 रोजी जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी शिक्षणासाठी कोल्हापुरात राहून राजर्षी शाहू महाराजांची वसतिगृहे पाहिली होती. शाहूंनी 1901 पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजासाठी स्वतंत्र वसतिगृहे उभी करण्यास उत्तेजन दिले, कारण त्या काळी एकत्र पंगत शक्यच नव्हती. भाऊरावांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र रांधू आणि जेवू लागली. 1927 मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली, तेव्हा त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले.

या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा भार भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांच्यावर होता. कर्मठ जैन वातावरणात वाढलेल्या या बाईंनी महार-मांगांच्या मुलांसह सर्वांना आपल्या हाताने वाढणे स्वीकारले. जातीने सांगितलेला विटाळ आणि समोर उपाशी बसलेले पोर यांतून त्यांना निवड करावी लागली असणार. खर्च भागेना तसे अंगावरचे दागिने एकेक करून गेले आणि अखेर मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रही मोडायला दिले. 1930 मध्ये त्या वारल्या. मंगळसूत्राच्या प्रसंगाचे पुढे इतके कीर्तन झाले की त्यामागची रोजची रांधप, आजारी मुलांची उठाठेव आणि रित्या डब्यांचा हिशेब झाकला गेला. त्यागाचा एक क्षण सांगायला सोपा जातो, वर्षानुवर्षांचा स्वयंपाक नाही. मातृभोजनाला आईच्या ताटात एकच मूल असते. साताऱ्यात लग्नाचे सोने मोडून अनेकांची ताटे मांडली गेली, आणि तेथे मागची जातीची पंगत मोडली.

धोंडो केशव कर्वे यांच्यापुढची अडचण वेगळी होती. 1893 मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, जो पुढे हिंगण्यास स्थिरावला. विधवेला मुंजीत किंवा लग्नात पुढे येण्याची मुभा नव्हती, त्यामुळे मंगल कार्याच्या नावाने तिच्यासाठी मदत मागणे जवळजवळ अशक्य होते. भाऊबीज हा मात्र नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर न अवलंबणाऱ्या नात्याचा सण होता. बहिणीने ओवाळल्यावर भाऊ तबकात ओवाळणी घालतो. हिंगण्याच्या संस्थेने याच रीतीवरून भाऊबीज निधी सुरू केला आणि दिवाळीच्या सुमारास स्वयंसेवक घरोघर जाऊन आश्रमातल्या बहिणींची ओवाळणी गोळा करू लागले. रक्कम लहान, पावती पक्की, आणि देणाऱ्याच्या मनात भीक घातल्याची नव्हे तर नाते पाळल्याची भावना, हे या योजनेचे चातुर्य होते. मोठी देणगीही घरच्या नात्यातूनच आली: 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले.

पुढच्या काळात एकसष्टी, अमृतमहोत्सव आणि सहस्रचंद्रदर्शन यांच्या निमित्ताने सत्कारमूर्तीला थैली द्यायची आणि त्याने ती संस्थेला परत करायची, हा प्रघात पडला. मृताच्या स्मरणार्थ शाळेत ठेव ठेवून त्या व्याजाचे बक्षीस देणेही सर्वत्र रूढ झाले. यात हिशेब चोख राहिला. मात्र दाता आणि शिकणारे मूल एकमेकांसमोर येण्याचा प्रसंग संपला. वार लावण्याच्या पद्धतीत मुलाची मानहानी होती, म्हणून ती गेली याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

या विषयाची अस्सल साधने आजही घरांतच आहेत. लग्न-मुंजीच्या खर्चाच्या वह्या, आहेराच्या याद्या, भाऊबीज निधीच्या व वर्गणीच्या पावत्या यांत देणाऱ्याचे नाव, रक्कम आणि निमित्त नोंदलेले सापडते. मुष्टिफंडात मूठ घालणाऱ्या बायकांची नावे तर बहुधा दुसरीकडे कोठेच मिळणार नाहीत. ज्यांच्या माळ्यावर अशा वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला किंवा निदान गावच्या वाचनालयाला दाखवाव्यात.