दिनविशेष : २२ डिसेंबर – सीलाकँथचा शोध

१९३८ : दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात ‘नेरीन’ या ट्रॉलरने आणलेल्या माशांच्या ढिगात मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना एक अनोखा निळसर मासा दिसला. लांबी सुमारे दीड मीटर, वजन ५७ किलो, अंगावर चिलखतासारखे खवले आणि हातापायांसारखे मांसल पर. स्थानिक संग्रहालयाच्या अभिरक्षक असलेल्या लॅटिमर यांनी तो जतन केला. प्रा. जे. एल. बी. स्मिथ यांनी तो सीलाकँथ असल्याचे ओळखून १९३९ मध्ये त्याला ‘लॅटिमेरिया चालुम्नी’ हे नाव दिले. हा मत्स्यगट डायनोसॉरबरोबरच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला, असे तोवर मानले जात होते. दुसरा नमुना १४ वर्षांनी, १९५२ मध्ये कोमोरो बेटांजवळ मिळाला.

या माशाच्या प्राचीन भाऊबंदांचा माग वऱ्हाडच्या नदीच्या वाटेवरही लागतो. अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूरवरून वाहणारी वर्धा पुढे वैनगंगेला मिळते आणि प्राणहिता होते. त्याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील जुरासिक काळाच्या कोटा खडकांमधील सीलाकँथच्या जीवाश्माचे वर्णन एस. एल. जैन यांनी १९७४ मध्ये ‘इंडोसीलाकँथस’ या नावाने केले. भारतातून नोंदला गेलेला हा पहिला सीलाकँथ जीवाश्म ठरला.