गावाचं स्वतःचं अग्निशमन पथक: व्यवस्थापनाची तत्त्वं वापरून ते कसं चालवायचं?

व्यवस्थापन म्हटलं की आपल्याला कंपनी, मीटिंग आणि एक्सेल शीट आठवतात. पण हे शास्त्र गावातल्या आगीच्या वेळी सगळ्यात जास्त कामाला येतं, हे मला परभणी जिल्ह्यातल्या पाथरी तालुक्यात, माझ्या स्वतःच्या गावात कळलं.

एप्रिलमधली दुपार होती. चुलत्यांच्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीने पेट घेतला. अर्ध्या तासात साठ-सत्तर माणसं जमली. कोणी घागर घेऊन आलं, कोणी नुसत्या हाताने आलं, पण आलं. माणसं कमी नव्हती आणि कुणी अंगचोरपणाही केला नाही. तरी नंतर बसून हिशोब केला तेव्हा चार गोष्टी समोर आल्या.

- पहिली दहा मिनिटं बंबाला फोनच गेला नाही. "मला वाटलं तू लावला असशील," असं चौघांनी एकमेकांना सांगितलं.
- ट्रॅक्टरचा टँकर गावातच उभा होता, पण रिकामा.
- बंब आला, पण फाट्यावर कोणी उभं नसल्याने चुकीच्या शिवाराकडे वळला.
- प्रत्येकजण पाण्याकडे धावला. गोठ्यातल्या दोन म्हशींची दावी सोडायला कोणीच गेलं नाही. त्या दावणीलाच गेल्या.

कडबा पुन्हा होतो, म्हशींचं दुःख अजून आहे. त्यानंतर आम्ही अठरा जणांचं पथक केलं. या लेखात ते कोणत्या तत्त्वांवर उभं आहे आणि तुमच्या गावात कसं करता येईल, हे क्रमाने पाहू.

गावात पथक का लागतं?

अग्निशमन दल हे महानगरपालिका किंवा नगरपालिकेचं काम असतं. ग्रामपंचायतीकडे सहसा बंब नसतो. समजा, बंब तुमच्यापासून २० किलोमीटरवर आहे. आपल्या रस्त्यांवर ताशी ४० चा वेग धरला तरी नुसत्या प्रवासाला ३० मिनिटं लागतात. वाळलेला कडबा किंवा सोयाबीनची सुडी एवढा वेळ थांबत नाही. म्हणजे पहिला अर्धा तास गावाचाच असतो. पथक बंबाला पर्याय नाही. बंब येईपर्यंतचा वेळ सांभाळणं एवढंच त्याचं काम आहे.

जगात ही पद्धत जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात 'युनियन फायर कंपनी' काढली. त्यात तीसच सभासद घ्यायचे, प्रत्येकाने स्वतःच्या चामडी बादल्या तयार ठेवायच्या आणि बैठक चुकवली तर दंड भरायचा, असे नियम होते. आजही जर्मनीत लाखो स्वयंसेवक छोट्या गावांची अग्निशमन दलं चालवतात आणि चिलीमध्ये तर आग विझवण्याचं काम मुख्यतः स्वयंसेवकच करतात.

तत्त्व १: हुकूम एकाचाच

व्यवस्थापनशास्त्राचा एक जनक मानला जाणारा हेन्री फायोल हा फ्रान्समधला खाण अभियंता. १८६० मध्ये तो कोमांत्रीच्या कोळसा खाणीत रुजू झाला आणि जमिनीखाली लागणाऱ्या आगी आटोक्यात आणण्याच्या कामामुळे त्याचं नाव झालं. पुढे १९१६ मध्ये त्याने व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं मांडली. त्यातलं एक म्हणजे प्रत्येक माणसाला एका वेळी एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावा.

गावात हे सगळ्यात अवघड जातं. सरपंच, पोलीस पाटील, ज्याचं जळतंय तो आणि वयाने मोठे असलेले सगळेच ओरडून सांगत असतात. आम्ही उपाय साधा केला. प्रमुखाच्या डोक्याला भगवा-पिवळा न बांधता चौकडीचा लाल गमछा बांधायचा. गमछा ज्याच्या डोक्याला, त्याचंच ऐकायचं. प्रमुख स्वतः पाणी मारत नाही. तो थोडा लांब, वाऱ्याच्या बाजूला उभा राहून सगळीकडे बघतो. बंब आला की गमछा सोडायचा आणि सूत्रं अग्निशमन जवानांकडे द्यायची. त्यानंतर ते सांगतील तेवढंच करायचं.

तत्त्व २: एका हाताखाली पाचच माणसं

१९७० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाला लागोपाठ वणवे लागले. तेरा दिवसांत १६ जणांचा जीव गेला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की माणसं किंवा साधनं कमी पडण्यापेक्षा वेगवेगळ्या दलांमधला ताळमेळ जास्त कमी पडला होता. कोणाचं कोणी ऐकायचं हेच ठरलेलं नव्हतं. त्यातून 'इन्सिडेंट कमांड सिस्टीम' ही पद्धत तयार झाली. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये 'इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टीम' नावाने तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

त्या पद्धतीतला आपल्या उपयोगाचा नियम असा, की एका माणसाने तीन ते सात जणांनाच सांभाळावं आणि पाच असतील तर उत्तम. म्हणून अठरा जणांवर एक प्रमुख न ठेवता आम्ही चार गट केले. प्रमुख फक्त चार गटप्रमुखांशी बोलतो. बाकीच्यांशी गटप्रमुख बोलतो.

तत्त्व ३: काम आधी वाटलेलं, माणूस मागाहून

"सगळ्यांनी मदत करा" या वाक्याने कोणीच नेमकं काही करत नाही. आमची कामं अशी वाटलेली आहेत:

१. निरोप गट: १०१ किंवा ११२ ला फोन, तालुक्याच्या अग्निशमन केंद्राच्या थेट क्रमांकावर फोन आणि एकाने मोटारसायकलवर फाट्यावर जाऊन बंबाला वाट दाखवणं.
२. सुटका गट: आधी माणसं, मग जनावरं. हा गट पाण्याला हातच लावत नाही.
३. पाणी गट: टँकर, फवारणीचा ब्लोअर, विहीर, बोअर.
४. अडवणूक गट: ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटरने आगीच्या पुढच्या बाजूला, सुरक्षित अंतर ठेवून मोकळ्या मातीचा पट्टा काढणं, शेजारच्या सुड्यांवर पाणी मारून त्या ओल्या करणं.

वीज तोडण्याची जबाबदारी प्रमुखाची. वायरमनला किंवा महावितरणच्या १९१२ क्रमांकावर फोन करून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारेजवळ पाणी मारायचं नाही. डीपीला गावातल्या कोणी हात लावायचा नाही.

आता उपलब्धतेचा प्रश्न. आपल्याकडे तरणी पोरं पुण्याला असतात आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत परतत नाहीत. समजा, एखादा माणूस अर्धाच वेळ गावात सापडतो. त्या एकावर काम सोपवलं तर ते होण्याची शक्यता ५० टक्के. त्याच कामाला असे तीन जण नेमले तर निदान एक सापडण्याची शक्यता ८७.५ टक्के होते. म्हणून प्रत्येक कामाला तीन नावं, पहिलं, दुसरं आणि तिसरं, अशी लिहा. एका माणसाचं नाव दोन कामांना आलं तरी चालेल, पण दोन्हीकडे पहिलं नको.

आणखी एक गोष्ट आम्ही उशिरा शिकलो. दुपारी दोन वाजता गावात नक्की कोण असतं? बचत गटाच्या बाया. आज आमच्या निरोप गटाची आणि सुटका गटाची पहिली नावं त्यांचीच आहेत.

तत्त्व ४: साधनं "आहेत" नको, "तयार" हवीत

कारखान्यात देखभालीचं वेळापत्रक असतं तसंच इथे. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला एकाने पाच गोष्टी बघायच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या कागदावर सही करायची: टँकर भरलेला आहे का, ट्रॅक्टरची चावी ठरलेल्या खिळ्याला आहे का, ब्लोअर सुरू होतो का, पाइप फुटलेला नाही ना, डिझेल किती आहे.

विजेच्या पंपावर भिस्त ठेवू नका. शेतीची थ्री फेज ठरावीक तासच असते आणि आगीच्या वेळी लाइन आपणच बंद करायला सांगणार असतो. डिझेल इंजिन किंवा ट्रॅक्टरवर चालणारा ब्लोअर हाच खरा आधार.

वर्षाचं कॅलेंडरही करा. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या सुड्या, नोव्हेंबरपासून घराघरांत कापूस, मार्च ते मे कडबा, पाचट आणि बांधावरची जाळपोळ. त्या त्या महिन्याआधी एक सराव ठेवा.

तत्त्व ५: निरोपाची यंत्रणा

इथे तंत्रज्ञान कामाला येतं, पण नीट निवडून. व्हॉट्सॲप ग्रुपवर "आग लागली" असं टाकलं तर ज्याचा डेटा बंद आहे किंवा जो झोपलाय त्याला ते संध्याकाळी दिसतं. शिवाय ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फोटो येत असतील तर लोक तो म्यूट करून ठेवतात.

फोनची रिंग मात्र ऐकू येते. पुणे, नाशिक, अहिल्यानगर भागात वापरली गेलेली 'ग्राम सुरक्षा यंत्रणा' याच कल्पनेवर चालते. नोंदणी केलेला गावकरी एका टोल फ्री क्रमांकावर फोन करून संदेश बोलतो आणि तोच आवाज परिसरातल्या सगळ्या नोंदणीकृत फोनवर कॉल म्हणून जातो. साधा बटणाचा फोनही चालतो. चोरी, बिबट्या, पूर, आग अशा कोणत्याही संकटात ती वापरता येते.

ती सोय नसेल तर फोनची साखळी करा. पहिला तिघांना फोन करेल, ते तिघे प्रत्येकी तिघांना. दोनच फेऱ्यांत १२ जणांना निरोप जातो. सोबत देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा आहेच. व्हॉट्सॲप फक्त एका कामाला ठेवा: लोकेशन पाठवायला. प्रत्येक शिवाराचं, आखाड्याचं लोकेशन आधीच सेव्ह करून ठेवलं तर बंबाच्या चालकाला "वडाच्या झाडापासून डावीकडे" सांगावं लागत नाही.

तत्त्व ६: मोजा आणि बोला

प्रत्येक आगीनंतर तीन वेळा लिहून ठेवा: खबर कधी मिळाली, पहिलं पाणी कधी पडलं, बंब कधी आला. मग दोन दिवसांच्या आत पारावर बसून चार प्रश्न: काय ठरलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? फरक का पडला? पुढच्या वेळी काय बदलायचं? "कोणाची चूक" हा प्रश्न या यादीत नाही. तो घेतला की पुढच्या बैठकीला निम्मी माणसं येत नाहीत.

पुढच्या वर्षी उसाच्या एका फडाला आग लागली तेव्हा आमचं पहिलं पाणी नवव्या मिनिटाला पडलं. फड वाचला नाही, शेजारचे दोन वाचले. बैठकीत कळलं की प्रमुखाचा फोन रेंजमध्येच नव्हता आणि दुसऱ्या नावाला ते कळायला चार मिनिटं गेली. आता नियम असा, की दोन रिंगमध्ये फोन उचलला नाही तर थेट पुढचं नाव.

तत्त्व ७: स्वयंसेवकाला पगार नसतो, म्हणून शिस्त जास्त लागते

पगारी माणूस कंटाळला तरी येतो. स्वयंसेवक कंटाळला की गप्प बसतो आणि हळूहळू यायचा थांबतो. त्याला टिकवायचं तर काम नेमकं, प्रशिक्षण खरं आणि वेळेची किंमत ठेवलेली हवी. बैठक महिन्यातून एकदा, पाऊण तास, त्यातली अर्धी वेळ हाताने सराव. पथकाला ग्रामसभेचा ठराव करून घ्या, म्हणजे डिझेलचा खर्च कोणाच्या खिशातून होणार हा वाद मिटतो. प्रशिक्षणासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात आणि जवळच्या अग्निशमन केंद्रात अर्ज द्या.

काय करायचं नाही

ही यादी पाठच हवी:

- पेटलेल्या घरात किंवा धुराने भरलेल्या खोलीत शिरायचं नाही. धूर आगीच्या आधी माणूस पाडतो.
- गॅस सिलिंडर आगीत असेल तर लोकांना लांब न्यायचं, जवळ जायचं नाही.
- वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे आग जिकडे सरकतेय तिकडे, फडात उभं राहायचं नाही.
- नायलॉनचे, टेरिकॉटचे कपडे घालून जवळ जायचं नाही. सुती कपडे, पायात बूट.
- कापूस किंवा कडबा विझला असं वाटलं तरी लगेच घरी जायचं नाही. आग आत धुमसत राहते. गंजी उपसून भिजवा आणि रात्रभर पहारा ठेवा.

प्रमुखाने "मागे या" म्हटलं की मागे यायचं, कितीही पाणी शिल्लक असलं तरी. माल वाचवताना माणूस गेला तर पथक हरलं.

सुरुवात कुठून करायची?

आज संध्याकाळी एका कागदावर चार गट लिहा आणि प्रत्येक कामापुढे तीन नावं. टँकर भरून ठेवा. फाट्यावर कोण उभं राहणार ते ठरवा. एवढ्याला एक रुपयाही लागत नाही.

आमच्या भिंतीवरच्या कागदावर सुटका गटापुढे पहिलं नाव माझ्या चुलतीचं आहे. ते तिने स्वतः मागून घेतलं. दर पंधरवड्याला ती गावातल्या प्रत्येक गोठ्यात जाऊन एकच गोष्ट बघते: दावं एका झटक्यात सुटतं की नाही.