कसारा घाटाचा उतार आणि परत येणारी वीज



आजचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस मोटारीच्या ब्रेकवर काय बोलणार? पण विजेवर चालणारी गाडी ज्यांच्या घरी आली आहे, त्यांनी पहिल्या आठवड्यात एक गोष्ट नक्की अनुभवली असेल. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी नुसती सैल होत नाही, कुणीतरी मागून धरल्यासारखी मंदावते. ब्रेकला पाय लागलेला नसतो, तरी गाडी थांबू पाहते. यालाच रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. बोलण्यात आपण 'रिजेन' म्हणू. हे धरणं किती घट्ट असावं, ते ठरवायची सोय गाडीत असते. २०२३ नंतरच्या विजेवरच्या नेक्सॉनमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने शून्य ते तीन अशा पायऱ्या बदलता येतात. शून्यावर गाडी घरंगळते, तीनवर घट्ट धरते.

हे सगळं नवीन आहे असं आपल्याला वाटतं. पण आपल्या नाशिककरांच्या वाटेवर, कसारा घाटात, हा प्रयोग जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. तो मोटारीत नव्हता, रेल्वेच्या इंजिनात होता. त्या इतिहासातून आजच्या गाडीबद्दल काय शिकता येतं, एवढंच मला आज मांडायचं आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची, गाडी १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. थळ घाट म्हणजेच आपला कसारा घाट. कसारा ते इगतपुरी अंतर साधारण पंधरा किलोमीटर आणि चढ सुमारे तीनशे मीटर. सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मोटारीला हा चढ जाणवतही नाही; रेल्वेला मात्र तो डोंगर आहे. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात. त्यांना 'बँकर' म्हणतात, हे इगतपुरीच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

पण चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे घाटातला कुठलाही ट्रकवाला सांगेल. वाफेच्या काळात गाडी उतरवायची म्हणजे लोखंडी ठोकळे चाकांवर आवळून धरायचे. चाकं तापायची, ठोकळे झिजायचे. गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला आडव्या चढावर वळवून थांबवण्यासाठी 'कॅच सायडिंग' बांधलेल्या होत्या. आता जरा विचार करा. कोळसा जाळून, पाणी उकळून, एवढ्या कष्टाने वजन वर नेलं. आणि उतरताना ती सगळी मिळकत ठोकळ्यांच्या उष्णतेत उडवून दिली. बरं, ती उडवणंसुद्धा धोक्याचं.

३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली. पुढे १९३० पर्यंत तारा एकीकडे पुण्याला आणि दुसरीकडे इगतपुरीला पोचल्या. दाब १५०० व्होल्ट, डीसी. विजेसाठी रेल्वेने ठाकुर्लीला, चोळ्याला, स्वतःचं वीजघर उभारलं. या दोन घाटांसाठी १९२८ पासून जी मालगाडीची इंजिनं आली, ती स्वित्झर्लंडमध्ये आखलेली, लांब नाकांची, मधल्या भागाला दोन्हीकडून सांध्यांनी जोडलेली. काही तिथेच बनली, बाकीची इंग्लंडमध्ये. जगभर अशा इंजिनांना 'क्रोकोडाइल' म्हणतात. आपल्याकडे लोक त्यांना 'खेकडा' म्हणत. त्यातलं 'सर लेस्ली विल्सन' आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

या खेकड्यात रिजनरेटिव्ह ब्रेकची सोय होती. तत्त्व अगदी साधं. विजेची मोटर फिरवली की ती जनित्र होते. वीज दिली तर ती चाक फिरवते, चाकाने तिला फिरवलं तर ती वीज देते आणि देताना चाकाला अडवते. यंत्र एकच, भूमिका दोन. उतरणारी गाडी आपली वीज तारेत सोडते आणि तीच वीज समोरून चढणाऱ्या गाडीला मिळते. आडावर दोन बादल्यांचा रहाट असतो ना, एक खाली जाते तेव्हा दुसरी वर येते, तसंच. अमेरिकेत रॉकी पर्वतातल्या मिलवॉकी रेल्वेने आणि इटलीतल्या घाटमार्गांनी हे आधीच केलं होतं. पॅरिसमध्ये क्रिएगर नावाच्या गृहस्थाने १८९० च्या दशकात घोडागाडीसारख्या विजेच्या मोटारीतही ते आणलं होतं. पण टिकलं आणि वाढलं ते रेल्वेत. असं का झालं असावं?

थोडं गणित करू. हजार टनांची मालगाडी तीनशे मीटर खाली आली की सुमारे आठशे युनिट ऊर्जा सुटते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर इतकं हलकं फिरतं की त्यातला फार थोडा भाग घर्षणात जातो. आता दीड-पावणेदोन टनांची मोटार त्याच घाटातून उतरवा. सुटणारी ऊर्जा सव्वा ते दीड युनिट. त्यातली निम्मी रबरी टायर आणि वारा खातात. मोटर आणि बॅटरीची गळती वजा केली तर हाती अर्ध्या युनिटाच्या आसपास, म्हणजे तीन-चार किलोमीटर चालण्यापुरतं. म्हणून 'तीनवर ठेवा, घाटात बॅटरी भरून येते' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. फायदा खरा आहे, पण तो मुख्यतः दोन ठिकाणी: शहरातल्या थांबत-चालत वाहतुकीत, आणि घाटात ब्रेक थंड राहण्यात.

आता इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. उतरणारी गाडी वीज देते खरी, पण घ्यायला कुणीतरी हवं! त्या वेळी तारेवर चढणारी गाडी नसेल आणि उपकेंद्रही वीज परत घेण्याजोगं नसेल, तर तारेतला दाब वाढतो आणि रिजेन सुटतो. देणाऱ्याची इच्छा पुरत नाही, घेणारा लागतो. शिवाय हा ब्रेक फक्त इंजिनाच्या चाकांवर. इंजिन मंदावलं की मागचे डबे एकमेकांवर दाबत येतात. म्हणून हे धरणं हळूहळू आणावं लागतं. त्यामुळे रेल्वेने काय केलं पाहा. रिजेन आला म्हणून व्हॅक्यूम ब्रेक काढला नाही आणि घाटातल्या कॅच सायडिंगही मोडून टाकल्या नाहीत. नव्या ब्रेकने रोजचं काम करायचं आणि जुन्याने राखण करायची, अशी ती वाटणी होती.

हे जसंच्या तसं तुमच्या मोटारीला लागू आहे. इथे घेणारी असते बॅटरी. समजा, इगतपुरीच्या हॉटेलात गाडी शंभर टक्के चार्ज केली आणि लगेच कसाऱ्याकडे उतरायला लागलात. भरलेला हंडा अजून पाणी घेत नाही. रिजेन जवळजवळ मिळतच नाही. काही गाड्या अशा वेळी साधा ब्रेक आपोआप लावून तूट भरतात, काही भरत नाहीत. ज्याच्या पायाला 'उचलला की थांबते' ही सवय झाली आहे, त्याला गाडी नेमकी पहिल्या वळणावर मोकळी सुटल्यासारखी वाटते. इथे प्रश्न अर्ध्या युनिटाचा राहत नाही, जिवाचा होतो.

मर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ च्या आपल्या ग्रंथात अंध माणसाच्या काठीचं उदाहरण दिलं आहे. सरावाने ती काठी त्याच्यासाठी वस्तू राहत नाही, त्याच्या स्पर्शाचं टोक होते. गाडीचं तसंच आहे. ब्रेक आपण डोक्याने लावत नाही, पायाने लावतो. आणि पायाचं ज्ञान सवयीत राहतं. रिजेनची पायरी बदलणं म्हणजे ती काठी मध्येच लांब किंवा आखूड करणं. म्हणून माझं म्हणणं असं, की पायरी रोज बदलू नये. एक निवडावी, मोकळ्या रस्त्यावर आठवडाभर पायात मुरू द्यावी, मगच घाटात न्यावी.

आणि मागे बसलेल्यांना विसरू नका. चालवणाऱ्याला गाडी कधी मंदावणार हे आधी कळतं, कारण पाय त्याचा असतो. मागच्या माणसाला ते कळत नाही, त्याची मान पुढे जाते. आजी आणि नातवंडं घाटात मळमळतंय म्हणतात, तेव्हा दोष दर वेळी वळणांचा नसतो. बऱ्याचदा तो तीन नंबरच्या पायरीचा असतो. तिथे एकवर यावं, पाय सावकाश उचलावा. खेकड्याच्या ड्रायव्हरला मागचे डबे सांभाळावे लागत, आपल्याला मागची माणसं सांभाळायची आहेत. तुमच्या मागच्या गाडीवाल्याचाही विचार आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत एका मर्यादेपलीकडे रिजेनने वेग उतरला तर मागचा लाल दिवा लागलाच पाहिजे असं कलम आहे. ते त्याच्यासाठीच.

२००६ च्या सुमारास घाटातली डीसी वीज जाऊन २५,००० व्होल्टची एसी आली. आज थ्री-फेज इंजिनं उतरताना वीज परत देतात, आणि फेब्रुवारी २०२३ पासून शिर्डीची वंदे भारत बँकर न लावता हा घाट चढते. नाशिकरोडच्या रेल्वे कारखान्यात अशा मोटरींची दुरुस्ती होते. म्हणजे हा विषय आपल्या घरचाच आहे.

तर सारांश एवढाच. रिजेनचा आकडा हा काटकसरीचा आकडा समजू नका, तो विश्वासाचा आहे. तुमच्या पायाचा गाडीवर, आणि मागे बसलेल्यांचा तुमच्यावर. घाट उतरण्यापूर्वी बॅटरीत थोडी जागा ठेवा आणि उजव्या पायाला खऱ्या ब्रेकची ओळख राहू द्या.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.